झेनचे पुढचे ब्रेक धरतात, चाकं तापतात. पॅड झाले, कॅलिपर किट झालं, आता काय बघू?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी, गाड्यांच्या विभागात पहिल्यांदाच धागा काढतोय, काही माहिती द्यायची राहिली तर विचारा.

गाडी २००३ ची मारुती झेन, पेट्रोल. बाबांनी नवीन घेतलेली. पंधरा वर्षं झाल्यावर ग्रीन टॅक्स भरून परत पासिंग करून घेतलं आणि इंजिन अजून एका चावीत चालू होतं, त्यामुळे "विकून टाका" सोडून बाकी सगळे सल्ले हवे आहेत.

त्रास असा की पुढचे ब्रेक धरतात. सकाळी घरून निघताना गाडी मोकळी असते, न्यूट्रलला हाताने ढकलली तरी सरकते. पंधरावीस किलोमीटर झाले की जड वाटायला लागते, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की लगेच वेग पडतो. परवा चिपळूणहून कराडला चाललो होतो, पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि जळका वास यायला लागला. वर हेळवाकला थांबून बघितलं तर पुढची दोन्ही चाकं इतकी तापलेली की व्हीलकॅपजवळ हात नेववेना, मागची नॉर्मल. ब्रेकचं पेडल पण नेहमीपेक्षा वर आणि कडक, नुसता पाय ठेवला की ब्रेक लागतो. चहा घेतला, अर्धा पाऊण तास गेला आणि गाडी परत मोकळी. पाटणला पोचेपर्यंत पुन्हा तेच.

गॅरेजवाल्याने आधी पॅड (चाकाच्या डिस्कला घासून ब्रेक लावतात ते) बदलले, फरक नाही. मग दोन्ही कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) खोलून नवीन रबरांचं किट टाकलं, ब्रेक ऑइल नवीन भरलं, हवा काढली. एखाद दिवस बरं वाटलं मग परत सुरू. आता तो म्हणतो दोन्ही कॅलिपर अख्खे नवीन टाका. खर्चाला ना नाही पण ते टाकूनही नाही झालं तर पुढे काय?

सह्यकडा
घाट चढताना वास आला म्हणताय तर तो क्लचचा नसेल कशावरून? कुंभार्लीत ट्रकच्या मागे हाफ क्लचवर गाडी ओढली की असाच वास येतो. ब्रेकचा वास उतरताना यायला पाहिजे ना.

कोल्हापुरी_रांगडा
भावा कॅलिपरचा पिस्टन जाम हाय, दुसरं काय नाही. नुसतं किट टाकून भागत नाही, पिस्टनला गंजाचे खड्डे पडले असतील तर नवीन रबर पण त्याला धरून बसतं. माझ्या जुन्या एस्टीमला आंबा घाटात हेच झालेलं, डाव्या बाजूचा कॅलिपर बदलला आणि विषय संपला. उगं डोकं लावू नको, दोन्ही टाक आणि मोकळा हो.

वाशिष्ठीकाठ
@सह्यकडा, क्लचचा नाही, कारण वास चाकापाशी होता आणि चाकं तापलेली होती. शिवाय नंतर पाटणपर्यंत सपाट रस्त्याला पण तसंच झालं.
@कोल्हापुरी_रांगडा, पिस्टन किट टाकताना मी स्वतः बघितले, चकचकीत होते, खड्डे नव्हते.

पानापक्कड
जरा थांबा. कॅलिपर विकत घ्यायच्या आधी माझ्या चार प्रश्नांची उत्तरं द्या. माझं साताऱ्याला बरीच वर्षं वर्कशॉप होतं आणि ब्रेकच्या कामात लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते असेच, एकेक पार्ट बदलून बघण्यात.

दोन्ही बाजू सारख्याच तापतात का एक जास्त? पेडलला वरच्या वर थोडा फ्री प्ले आहे का? म्हणजे इंजिन बंद करून पेडल पाचसहा वेळा दाबा, बूस्टरमधला (पेडल हलकं करणारा डबा असतो तो) व्हॅक्युम संपेल, मग बोटाने हलकंच दाबून बघा, काही मिलिमीटर अगदी सैल जायला पाहिजे. पाय काढल्यावर मागचे ब्रेकलाईट विझतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा त्रास सुरू व्हायच्या आधी ब्रेकमध्ये किंवा पेडलपाशी काय काम झालं होतं?

रांगडे भाऊ, तुमच्या एस्टीमला एकच चाक धरत होतं, तिथे कॅलिपर किंवा होज (कॅलिपरला ऑइल नेणारी रबरी नळी) हा संशय बरोबर आहे. यांची दोन्ही चाकं एकदम धरतायत, ती पण तापल्यावर. दोन कॅलिपर एकाच दिवशी, एकाच तऱ्हेने जाम होणं आणि थंड झाल्यावर एकदम सुटणं फार क्वचित होतं. जिथून दोन्हीकडे ऑइल जातं तिथे आधी बघायचं.

रात्रपाळी
टेम्परेचर गन असेल तर वापरा, आता ऑनलाइन स्वस्तात मिळते. फक्त एक लक्षात ठेवा, डिस्कचा घासून चकचकीत झालेला भाग गनला खोटा, कमी आकडा दाखवतो. आमच्याकडे प्लांटमध्ये चकचकीत पाइपवर म्हणूनच काळी टेप लावून रीडिंग घेतात. डिस्कवर टेप लावणं शक्य नाही, तर दोन्ही बाजूंना एकाच जागी, म्हणजे कॅलिपरच्या अंगावर किंवा हबच्या गंजक्या भागावर गन धरा आणि डावं उजवं ताडून बघा. नुसता आकडा बघून काही कळत नाही, नुकताच ब्रेक मारला असेल तर चांगली डिस्क पण शंभराच्या वर जाते.

टोरंटोतून
इकडे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे ब्रेक जाम होणं हे दरवर्षीचंच. कोकणातली खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, म्हणजे तुमच्याकडे पण गंजाला कमी नाही. माझ्या अनुभवात पिस्टनपेक्षा जास्त वेळा दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गाईड पिना. त्यांचं रबरी बूट फाटलं की आत पाणी जातं आणि पिन गंजून अडकते, मग आतला पॅड पार झिजतो आणि बाहेरचा जवळपास नवा राहतो. दुसरं म्हणजे पॅडचे कान ज्या खाचेत बसतात त्या खाचेत पत्र्याच्या क्लिपखाली गंजाचा थर फुगतो, पॅड खाचेत ठोकून बसवायला लागला तर समजा की तो परत सुटणार नाही. पॅड हाताने सरकला पाहिजे. जुने पॅड टाकून दिले नसतील तर त्यांची झीज बघा, पॅड बरंच काही सांगतात.

वाशिष्ठीकाठ
पानापक्कड काका, उत्तरं देतो.

दोन्ही तापतात पण डावं थोडं जास्त असावं असं हातावरून वाटतं, गन मागवली आहे. फ्री प्ले तुम्ही सांगितला तसा बघितला, बोट लावल्या लावल्या पेडल घट्ट लागतं, सैल काहीच नाही. ब्रेकलाईट विझतात. जुने पॅड गॅरेजमधून आणले, दोन्हीकडे आतला बाहेरचा झीज सारखीच, कडा जळून पांढरट झाल्यात.

आधीचं काम म्हणाल तर दिवाळीच्या सुमारास बूस्टर बदलला होता. पेडल दाबलं की फुस्स आवाज यायचा आणि ब्रेक फार जड झाला होता. नवीन मिळत नव्हता म्हणून गॅरेजवाल्याने जुन्या बाजारातून झेनचाच म्हणून एक आणून बसवला. ब्रेक हलका झाला त्यामुळे मी त्याचा विचारच केला नाही.

पानापक्कड
हे सांगितलंत ते फार बरं झालं. आता नीट समजावून सांगतो, लांबेल जरा.

बॉनेट उघडलं की मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलतो त्याच्या, वर ऑइलची टाकी दिसते. त्या टाकीतून सिलिंडरच्या प्रत्येक कप्प्यात दोन भोकं उतरतात, एक मोठं आणि एक सुईच्या टोकाएवढं बारीक. पेडल पूर्ण सोडलं की सिलिंडरमधला पिस्टन मागे येतो आणि त्याच्या तोंडावरचा रबरी कप त्या बारीक भोकाच्या मागे जाऊन थांबतो, म्हणजे भोक उघडं राहतं. चाकापाशी ऑइल तापलं की फुगतं आणि फुगलेलं जास्तीचं ऑइल त्या बारीक भोकातून टाकीत परत येतं. एवढ्याशा भोकावर सगळ्या ब्रेकचं सुटणं अवलंबून आहे.

आता पिस्टन एखाद मिलिमीटर जरी पुढे अडकून राहिला तरी कप त्या भोकावर बसतो. सकाळी थंड असताना काही कळत नाही. मग तुम्ही गावातून निघता, दोनचार वेळा ब्रेक मारता, डिस्क तापते, ऑइल फुगतं, त्याला परत जायला वाट नाही. प्रेशर वाढतं, पॅड डिस्कला चिकटून घासत राहतात, त्याने अजून तापतं, अजून फुगतं. पेडल वर येऊन कडक होतं ते त्यामुळेच. घाट चढताना तुम्ही ब्रेकला पाय लावला नसेल तरी चाकं तापली कारण तोपर्यंत ब्रेक आपल्या आपण लागलेला होता. थांबून गार झालं की ऑइल आक्रसतं आणि गाडी मोकळी. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलेली सगळी लक्षणं यात बसतात.

पिस्टन पुढे का राहतो? बूस्टरच्या तोंडातून एक दांडा मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलतो. त्या दांड्याच्या टोकाला आटे असतात आणि लांबी कमी जास्त करता येते. जुन्या बाजारातला बूस्टर दुसऱ्या मॉडेलचा असेल किंवा कुणीतरी दांडा फिरवून ठेवला असेल तर तो बसवल्यापासूनच पिस्टनला थोडा दाबून ठेवतो. तुमच्या पेडलला फ्री प्ले शून्य आहे, संशय तिथेच जातो. अजून दोन कारणं असू शकतात, ब्रेकलाईटचा स्विच आट्यात जास्त आत फिरवल्याने पेडलच पूर्ण वर न येणं, नाहीतर मास्टर सिलिंडरमधला कप फुगणं. तपासल्याशिवाय मी पण शपथेवर सांगणार नाही.

तपासायचं असं. गाडी मुद्दाम चालवून तापवा आणि ब्रेक धरलेला असतानाच सपाट जागी आणा. मागच्या चाकांना पुढून मागून दगड लावा, पुढचं तोंड उचलून स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही. गिअर न्यूट्रल. चाक हाताने फिरवून किती जड आहे ते बघून ठेवा. मग आधी पेडल पायाच्या बोटांनी वर ओढा, चाक सुटलं तर दोष पेडल किंवा स्विचचा. नाही सुटलं तर मास्टर सिलिंडर बूस्टरला ज्या दोन नटांनी बसलाय ते नट सैल करा, काढू नका, आणि मास्टर हाताने दोनतीन मिलिमीटर पुढे ओढा. चाकं सुटली तर दांडा लांब आहे, विषय तिथेच संपला. तरी नाही सुटली तर मास्टरला लागलेल्या लोखंडी पाइपाचा नट फडक्याखाली किंचित सैल करायचा, सुटली तर मास्टर आतून खराब. तेही नाही झालं तर चाकापाशी जाऊन कॅलिपरचा हवा काढायचा निपल उघडायचा. ऑइलची चिळकांडी उडून चाक सुटलं तर मधला रबरी होज बंद झालाय, आणि निपल उघडूनही चाक जामच राहिलं तर मग पिस्टन, पिना, पॅडची खाच. कॅलिपर बदलायची वेळ आली तर ती इथे येते.

डोळ्याला चष्मा लावा. ब्रेक ऑइल डोळ्यात जाता कामा नये, आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून काढतं. नट सैल केलेल्या अवस्थेत गाडी अजिबात चालवायची नाही.

सह्यकडा
हे वाचून डोक्यात प्रकाश पडला. एक शंका, प्रेशर अडकलं तर ते मागच्या चाकांना पण जाईल ना? मग मागची का नाही तापली?

पानापक्कड
चांगला प्रश्न. मागे ड्रम ब्रेक आहेत, त्यात लायनर आतून ड्रमला घासून ब्रेक लागतो. ड्रममध्ये लायनर मागे खेचायला जोरदार स्प्रिंगा असतात, थोड्याथोडक्या प्रेशरने लायनर जागचा हलत नाही. पुढे डिस्कला स्प्रिंग नसते. पिस्टनच्या भोवती जे चौकोनी कडेचं रबर असतं ते ब्रेक मारताना थोडं वाकतं आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेतं, तेवढंच. म्हणून थोडं जरी प्रेशर राहिलं तरी पुढचेच आधी धरतात.

वऱ्हाडी_पाहुणा
भाऊ माह्या बोलेरोचं विचारतो, धागा पळवत नाही, विषय तोच हाय म्हणून. एकच उजवं चाक धरते, थंड असो गरम असो, गाडी त्या साइडले ओढते. पावसाळाभर शेतावर उभी होती. आणि असं चाक तापल्यावर पाणी मारलं तर चालते का? आमच्या इथे ढाब्यावर सारे मारतात.

पानापक्कड
पाणी अजिबात मारू नका. लाल तापलेल्या बिडाच्या डिस्कवर पाणी पडलं की डिस्क वाकडी होते, तडा पण जाऊ शकतो आणि मग ब्रेक मारला की स्टीअरिंग थरथरायला लागतं. रस्त्याच्या कडेला घेऊन नुसतं उभं राहायचं, वाऱ्याने थंड होऊ द्यायचं.

तुमचं वेगळं दुखणं आहे. एकच चाक, गरम थंड कसंही धरतं आणि गाडी बरेच महिने उभी होती, टोरंटोच्या भावांनी सांगितलेल्या पिना आणि पॅडची खाच आधी बघा. पिना काढून पॉलिश पेपरने साफ करा, खोल खड्डे असतील तर नवीन टाका, आणि वंगण सिलिकॉन ग्रीस नाहीतर ब्रेकच्या रबरासाठी मिळतं ते रबर ग्रीसच लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं की बुटाचं रबर फुगतं आणि पिन पहिल्यापेक्षा घट्ट बसते.

सोनचाफा
रबर फुगण्यावरून मला माझ्या मारुती ८०० चं सांगायचंय कारण हे कोणीच सांगत नाही. माझे पण दोन्ही पुढचे ब्रेक धरायचे. शेवटी कारण निघालं ते असं की एका ठिकाणी मास्टर सिलिंडरचं किट टाकताना सगळे पार्ट डिझेलमध्ये धुतले होते. ब्रेकमधली रबरं ही ब्रेक ऑइलमध्ये राहायला बनवलेली असतात, डिझेल, पेट्रोल, इंजिन ऑइल, पॉवर स्टीअरिंगचं ऑइल यातलं काहीही लागलं की ती फुगतात. फुगलेल्या कपाने ते बारीक भोक झाकलं आणि पुढचं सगळं पानापक्कड काकांनी लिहिलंय तसंच झालं.

ओळखायची सोपी खूण म्हणजे टाकीचं झाकण. त्याच्या आत रबरी वायसर असतो, तो फुगून लुळा झाला असेल, परत खाचेत बसत नसेल तर ऑइलमध्ये काहीतरी भलतं गेलंय. मग एक पार्ट बदलून उपयोग नाही, मास्टरचे कप, कॅलिपरची रबरं, मागचे व्हील सिलिंडर, होज, रबर असलेलं सगळं बदलायला लागतं आणि लोखंडी पाइप नवीन ऑइलने धुऊन काढायला लागतात. मी ते सगळं केलं. खर्च झाला पण ब्रेकच्या बाबतीत अर्धवट काम करायला मी तयार नव्हते, मुलं मागे बसतात. तेव्हापासून कोणीही ब्रेक खोलला तर मी शेजारी उभी राहते, धुवायला ब्रेक क्लीनर नाहीतर ताजं ब्रेक ऑइल, दुसरं काही नाही.

वाशिष्ठीकाठ, तुमचं झाकण उघडून बघा, एक मिनिटाचं काम आहे.

कोल्हापुरी_रांगडा
च्यायला, डिझेलमध्ये धुताना मी शंभर वेळा बघितलंय. कुणी बोललं नव्हतं. काका, कॅलिपरचं माझं म्हणणं मागं घेतो, आधी तपासा.

वाशिष्ठीकाठ
रविवारी केलं. मेव्हणा मदतीला होता. सविस्तर लिहितो म्हणजे पुढे कोणाला उपयोगी पडेल.

झाकणाचं रबर एकदम ठीक, फुगलेलं नाही. गाडी हायवेला फिरवून आणली, वास यायला लागल्यावर अंगणात घेतली. गनने दोन्ही कॅलिपर बघितले, डावा उजव्यापेक्षा बराच जास्त. पुढचं तोंड उचललं, दोन्ही चाकं दोन्ही हातांनी जोर लावल्याशिवाय फिरत नव्हती. पेडल वर ओढून काही फरक नाही. मग मास्टरचे दोन नट सैल केले. नट सोडता सोडताच मास्टर स्वतःहून पुढे सरकत होता, म्हणजे आतून दांडा त्याला रेटतच होता. हाताने अजून थोडा ओढला आणि मेव्हणा ओरडला, उजवं सुटलं! खरंच एका बोटाने फिरत होतं, पॅडचा नुसता हलका घासल्याचा आवाज.

पण डावं नाही सुटलं. थोडं हलकं झालं असेल पण जामच. निपल उघडल्यावर ऑइल जोरात उडालं आणि चाक सुटलं. आता हे काय? दांडा पण आणि होज पण? एका वेळी दोन दोष असतात का?

पानापक्कड
असतात, जुन्या गाडीत तर सर्रास. आणि म्हणूनच एक दोष सापडला की हात झाडून मोकळं व्हायचं नसतं. काम फार छान केलंत.

होजची खात्री करून घ्या. नट परत आवळा, निपल बंद करा, ब्रेक दाबून सोडा, डावं चाक पुन्हा धरेल. मग जिथे लोखंडी पाइप रबरी होजला जोडलाय तिथला नट सैल करा. तो नट मऊ असतो, साध्या पान्ह्याने कडा गोल होतात, पाइपाच्या नटाचा खास तोंड कापलेला रिंग पान्हा मिळतो तो आणा. तिथे सैल करून चाक सुटलं नाही आणि निपल उघडल्यावर सुटलं तर प्रेशर या दोन जागांच्या मधे, म्हणजे होजमध्येच अडकतंय.

होज बाहेरून नवा दिसतो हो. आतलं अस्तर फुगून भोक बारीक होतं किंवा अस्तराचा तुकडा सुटून पडद्यासारखा आडवा येतो. पायाने दाबलेलं प्रेशर जबरदस्त असतं ते त्याला ढकलून चाकाकडे जातं, पण परत येताना ढकलायला कोणी नसतं त्यामुळे ऑइल तिकडेच राहतं. वीस वर्षांचा मूळ होज असेल तर कारण शोधायची गरजच नाही. पण किट टाकताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवला होता का विचारा, बरेच जण ठेवतात, कॅलिपर तारेने स्प्रिंगला बांधून ठेवायचा असतो. आणि ऑइल गळू नये म्हणून होज पकडीत चिमटायचा प्रकार तर कधीच होऊ देऊ नका. बदलताना दोन्ही बाजूंचे होज बदला.

दांड्याचं माप असं घ्या. मास्टर काढा, दांड्याच्या टोकावर मुलांच्या खेळण्यातल्या क्लेची छोटी गोळी ठेवा, मास्टर बसवून नट पूर्ण आवळा, परत काढा. क्ले पार चेपून टोक उघडं पडलं तर दांडा लांब. टोक आट्यात आत फिरवत फिरवत क्लेचा अगदी पातळ पापुद्रा उरेल इथपर्यंत आणायचं. फार आखूड पण करू नका, मग पेडल वायफळ खाली जातं. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये माप असतं ते मिळालं तर तेच शेवटचं माना. हे काम गॅरेजमध्ये तुमच्यासमोर करून घेतलं तरी चालेल.

शेवटी टाकीचं झाकण उघडून, चेहरा लांब ठेवून, कोणाला तरी पेडल अगदी हळू दाबायला सांगा. सुरुवातीलाच टाकीच्या तळातून ऑइलचा छोटा झरा वर येताना दिसला पाहिजे. तो दिसला म्हणजे भोक उघडं आहे. पेडल दाबूनही ऑइल शांत राहिलं तर भोक अजून झाकलेलंच आहे.

रात्रपाळी
एक जोडतो. इतके दिवस ब्रेक तापत होते म्हणजे कॅलिपरमधलं ऑइल उकळीच्या जवळ जाऊन आलेलं असणार. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) ऑइल कोरडं असताना २०५ अंशाला उकळतं पण हवेतलं पाणी शोषून जुनं झालं की मानकाप्रमाणे १४० पर्यंत उतरलेलं चालतं, डॉट ४ चं तेच २३० आणि १५५. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल एकदम फरशीला टेकतं. कुंभार्ली चढताना नाही तर उतरताना हे झालं असतं तर... त्यामुळे होज बदलल्यावर सगळं ऑइल परत नवीन करा, नुसती वरवर हवा काढू नका. टाकीच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच घ्या आणि सिलिकॉनचं डॉट ५ यात कधीच नाही.

वऱ्हाडी_पाहुणा
माह्या बोलेरोची खालची पिन निघता निघत नव्हती. ठोकून काढली, पार गंजली होती. नवीन पिना, नवीन बूट, सिलिकॉन ग्रीस. चाक मोकळं झालं. काका, टोरंटोवाले भाऊ, लय उपकार झाले.

वाशिष्ठीकाठ
काम झालं. होजची परीक्षा काकांनी सांगितली तशी केली, वरचा नट सैल करून चाक जाम, निपल उघडल्यावर मोकळं. दोन्ही होज नवीन टाकले. जुना डावा होज ब्लेडने उभा चिरून बघितला, आतलं अस्तर एका बाजूने सुटून दुमडलेलं, मधे काडी जाईल एवढीच जागा. बाहेरून एक चीर नाही.

दांडा चांगलाच लांब होता. पहिल्यांदा क्ले पूर्ण पिचली, थोडा थोडा आत घेत शेवटी पातळ पापुद्रा राहिला. पेडलला आता बोटाने कळेल एवढा फ्री प्ले आहे आणि टाकीतला झरा पण दिसला, मेव्हण्याला दाखवला, आईला पण बोलावून दाखवला! ऑइल सगळं नवीन.

काल कराडला जाऊन आलो. हेळवाकला थांबून गन लावली, डावं उजवं जवळपास सारखं आणि हात लावता येईल एवढंच. उतरताना दुसऱ्या तिसऱ्या गिअरवर आलो, पोफळीला पण वास नाही, पेडल होतं तिथेच. कॅलिपर तेच जुने आहेत, नवीन कॅलिपरवर एक रुपया घातला नाही. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः पानापक्कड काका.

दोन शंका राहिल्या. डिस्कवर निळसर डाग पडलेत, ती बदलू का? आणि ब्रेक ऑइलची अर्धी बाटली उरली आहे, पुढच्या वेळेला ठेवू का?

पानापक्कड
वाचून फार बरं वाटलं.

निळे डाग तापल्याचे आहेत. ब्रेक मारताना पेडल किंवा स्टीअरिंग थरथरत नसेल, तडे नसतील आणि जाडी मापात असेल तर डिस्क राहू द्या. कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते, गंज घासून बघा. पॅड मात्र काढून बघा, याच पॅडवर गाडी तापत होती. वरचा थर काचेसारखा गुळगुळीत झाला असेल किंवा मटेरियल कडेने भुसभुशीत होऊन निघत असेल तर ते बदला, नवे असले तरी.

अर्धी बाटली ठेवू नका. एकदा उघडली की हवेतलं पाणी शोषते, झाकण घट्ट लावलं तरी. यापुढे दर दोन वर्षांनी लहान सीलबंद बाटली आणून सगळं ऑइल बदलत जा. आणि उरलेलं गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका, गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचा ड्रम असतो तिथे त्यांना विचारून द्या.